वेल्लोरची तपासणी आणि विकतचे रक्त

प्रभुभोजनाच्या वेळी रक्ताचा उच्चार आपण नित्य करतो. रुग्णालयातील रक्ताचा इतिहास मात्र पाळकांना क्वचितच ठाऊक असतो. १९०० साली डॉ. आयडा स्कडर यांनी वेल्लोर येथे एका खाटेवर सेवाकार्य आरंभिले. त्याच मिशन रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत १९८६ साली, मद्रासच्या डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी आणलेल्या काही रक्तनमुन्यांत एड्सच्या विषाणूची बाधा आढळली. भारतातील ही पहिली नोंद होय.

त्या काळी देशातील अनेक रक्तपेढ्या रक्त विकणाऱ्यांवर विसंबून होत्या. भुकेला मनुष्य आपला आजार सांगत नाही. सांगितला तर त्या दिवसाची भाकरी जाते. वारंवार रक्त देऊन तो स्वतः रक्तक्षयाने खंगे, आणि कावीळ वा उपदंश नकळत दुसऱ्यास देई. शिवाय बाधेनंतर काही आठवडे विषाणू तपासणीतही सापडत नसे. तेव्हा केवळ तपासणीने भागणारे नव्हते. दाताच स्वेच्छेने येणारा हवा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तसा निर्णय दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून मोबदला देऊन रक्त घेण्यास बंदी आली.

नातलगांकडून बदली रक्त घेण्याची प्रथा मात्र उरली. ज्या रुग्णाला कोणीच नसे, त्याचा ‘चुलतभाऊ’ कधी कधी रुग्णालयाच्या दारातच पैसे देऊन मिळविलेला असे.