बाटली ५३ एन

मोर्शीच्या श्रोत्यांपुढे जंतुशास्त्राची कथा सांगायची तर ती विरजणापासूनच सुरू करावी. दूध तापवून निववायचे, थोडे दही घालायचे आणि झाकण ठेवून भांडे हलवायचे नाही, ही शिस्त आपल्या घरोघरी आहे. हवा तो जंतू वाढावा, नको तो शिरू नये. प्रयोगशाळेचे सोवळे ते हेच. फरक इतकाच, की घरी दही बिघडते, तेथे माणसे मरतात.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा वाल्डेमार हाफकीन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस करावयास घेतली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत सोडायचे. त्यांना धरून प्लेगचे जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढत. पुढे ते उष्णतेने मारायचे व कार्बोलिक आम्ल घालायचे. १० जानेवारी १८९७ रोजी ही लस त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

पुढे प्रयोगशाळा परळला गेली. तेथून पाठविलेली लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना टोचली. त्यांतले एकोणीस जण धनुर्वाताने मेले. सर्वांना एकाच बाटलीतून टोचले होते. क्रमांक ५३ एन.

चौकशी समितीने परळवर ठपका ठेवला, कारण या लसीत कार्बोलिक नव्हते, भिस्त केवळ उष्णतेवर होती. हाफकीन यांचे पद गेले. पण साक्षीत एक बारीकशी गोष्ट होती. बाटली उघडताना सहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट उकळला नव्हता, कार्बोलिकमध्ये नुसता बुडविला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणखतात असतात. त्यांचे बीजाणू असल्या बुडविण्याला दाद देत नाहीत. शिवाय बाटलीत ते आधीच वाढले असते तर उघडताच दुर्गंधी सुटली असती. ती कोणाला आली नाही. माझा कौल चिमट्याकडे आहे. आणि कार्बोलिकचा आग्रह धरणाऱ्यांनी एवढे तरी पाहायचे होते, की त्या चिमट्याला कार्बोलिक लागलेच होते!

१९०७ साली रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये हाफकीन यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे ते निर्दोष ठरले. परत आले ते कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. १९२५ साली तिला हाफकीन यांचे नाव दिले गेले.