रुळाच्या मापाने बेतलेले इंजिन

वाफेच्या इंजिनाची कुळकथा सांगायला बसले की माणसे बॉयलरपासून सुरुवात करतात. दाब किती, सिलिंडर केवढे, चाकांचा व्यास काय, हे सगळे सांगून झाल्यावर शेवटी रुळाचा विषय निघतो. बार्शी लाइट रेल्वेच्या ‘ए’ वर्गाच्या इंजिनांची कथा मात्र रुळापासूनच सांगायला हवी. आधी हलका रूळ ठरला, त्यावरून एका आसावर किती वजन टाकायचे ते ठरले आणि मग त्या वजनात बसेल असे इंजिन बेतले गेले. कागदावरचा हा उलटा क्रम हेच या इंजिनाचे खरे मोठेपण आहे, असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची बार्शी म्हणजे निजामाच्या मुलखाच्या सीमेवरची मोठी बाजारपेठ. कापूस, गळिताची धान्ये, ज्वारी, डाळी असा माल मराठवाड्याच्या बाजूने तिथे उतरायचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेचा मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा रूळ मात्र बार्शीला वळसा घालून गेलेला. सर्वांत जवळचे स्टेशन बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी. मधले 21 मैल, सुमारे 34 किलोमीटर, बैलगाडीचे. त्याच कुर्डुवाडीला पंढरपूरचे वारकरी उतरायचे आणि पुढची वाट धरायचे. मालही होता, माणसेही होती, पण एवढ्या अंतरासाठी मोठा रूळ टाकायचा तर त्याचा खर्च भरून निघण्याची खात्री कुणालाच नव्हती.

या प्रश्नाने एका माणसाला पछाडले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा जन्म 1857 चा, इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या शेतकरी घरातला. कामाला सुरुवात केली ती रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या नावाच्या कारखान्यात. मग क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी केली. 1882 मध्ये ते जीआयपीत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आले. नोकरी मोठ्या रुळावरची असली तरी डोक्यात छोटा रूळ घोळत होता. बार्शीला जोडरस्ता काढण्याच्या हालचाली 1887 पासून चालल्या होत्या. परवानग्या आणि भांडवल जमवण्यात बरीच वर्षे गेली. 1895 मध्ये लंडनमध्ये कंपनी उभी राहिली आणि मार्च 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावू लागली. रुंदी ठरली अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर.

अडीच फुटी रूळ ही काही कॅलथ्रॉप यांची नवलाई नव्हती. नवलाई होती ती वजनाच्या हिशेबात. त्या काळी छोट्या रुळांवरची रीत अशी की इंजिन जड आणि त्यामागचे डबे हलके. रूळ इंजिनाचा भार पेलेल इतका दणकट घालावा लागायचा, आणि इंजिन पुढे गेल्यावर त्याच दणकट रुळावरून हलक्याफुलक्या वाघिणी जायच्या. मैलोन्‌मैल पसरलेल्या लोखंडाची ताकद दिवसाकाठी काही क्षणच वापरात येई. कॅलथ्रॉप यांनी नियम घातला: गाडीतल्या कोणत्याही आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार नको, आणि भरलेल्या वाघिणीच्या आसावर त्याहून फार कमीही नको. इंजिन असो की वाघीण, रुळाला प्रत्येक आस सारखाच वाटला पाहिजे. मग यार्डाला 30 पौंडांचा, म्हणजे मीटरला जेमतेम 15 किलोचा रूळ पुरतो. आज मोठ्या मार्गांवर मीटरला 60 किलोचा रूळ असतो, यावरून तो किती सडपातळ होता ते ध्यानात येईल.

चिखलातून जड ओझे न्यायचे तर खाली लांब फळी टाकतात, तसे हे झाले. वजन कमी करायचे नाही, पसरवायचे. गाडीला ताकद हवी असेल तर आस वाढवा. आसावरचा भार वाढवू नका.

इंजिनाचे रूप या एका नियमातून कसे घडत गेले, ते नीट पाहण्यासारखे आहे. इंजिनाची ओढ शेवटी ठरते ती चाके रुळाला किती घट्ट धरतात त्यावर. कोरड्या रुळावर, चालत्या चाकांवर जेवढे वजन असते त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी ओढ मिळते. त्याहून जास्त वाफ सोडली तर चाके जागच्या जागी गरगरतात. दोन चालते आस ठेवले तर चाकांवर वजन 10 टन. तेवढ्यावर कापसाने लादलेली गाडी हलायची नाही. तीन आसांवर 15 टन. कॅलथ्रॉप यांनी चार आस घेतले, जोडदांड्यांनी एकमेकांना बांधलेली आठ चाके, म्हणजे 20 टन. बॉयलर, पाण्याच्या टाक्या, कोळसा आणि ड्रायव्हरची केबिन मिळून इंजिन त्याहूनही जड होणार, तेव्हा उरलेले वजन पेलायला मागे, कोळशाच्या बंकरच्या बाजूला, चार चाकांची बोगी दिली. पुढे मोकळी चाके नाहीत, मध्ये आठ चालती, मागे चार: इंजिनवाल्यांच्या भाषेत 0-8-4 टँक. एकंदर सहा आस, पाच-पाच टनांचे. तीस टनांची ही मर्यादा आधी लिहिली गेली आणि इंजिनाचा आराखडा नंतर काढला गेला.

टँक इंजिन म्हणजे पाणी आणि कोळसा स्वतःच्याच अंगावर वाहणारे इंजिन. त्याला वेगळा टेंडर नसतो. छोट्या मार्गाला हे सोयीचे, कारण ते दोन्ही दिशांनी सारखेच पळते आणि टोकाला इंजिन फिरवण्याची खटपट वाचते. पण पाच टनांचा नियम इथेच सर्वांत जाचक होतो. टाक्या काठोकाठ भरलेल्या असतानाही आसावरचा भार मर्यादेत राहिला पाहिजे. म्हणजे वाटेत पाणी संपत आले की तोच भार मर्यादेच्या खाली उतरतो, आणि चाकांची पकडही त्याबरोबर उतरते. प्रवासाच्या सुरुवातीला जे इंजिन गाडी सहज उचलते, तेच शेवटच्या चढावर घसरू शकते. हे नुकसान कॅलथ्रॉप यांनी समजून उमजून पत्करले. रूळ हलका ठेवण्याची ती किंमत होती.

अशी पाच इंजिने लीड्सच्या किटसन कंपनीने बांधली. वाघिणी आणि डब्यांसाठी त्याच शहरातल्या लीड्स फोर्ज कारखान्याकडे धाव घेतली गेली. सॅम्सन फॉक्स यांचा हा कारखाना पोलादाचे पत्रे दाबून त्यांच्या सांगाड्यांच्या बोगी बनवत असे. दाबलेल्या पत्र्याचा सांगाडा वजनाला हलका आणि मजबूत. हा हलकेपणा का हवा, तेही पुन्हा त्याच हिशेबातून येते. चार आसांच्या वाघिणीला एकूण 20 टनांची मुभा. त्यात वाघिणीचे स्वतःचे वजन जितके कमी, तितका माल जास्त. म्हणजे इंजिन आणि वाघीण एकाच आकड्याची अपत्ये.

ही सगळी सामग्री जहाजावर चढण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून लोकांसमोर चालवून दाखवली गेली. हलक्या रुळावर एवढा माल नेता येतो, हे तिथल्या रेल्वेवाल्यांना डोळ्यांनी पाहता आले. बार्शीच्या मातीत धावायच्या आधी बार्शीचे इंजिन इंग्लंडला धडा देऊन आले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पुढचा विस्तार टप्प्याटप्प्याने झाला. 1906 मध्ये लाइन पंढरपूरला पोहोचली, 1911 मध्ये लातूरला, आणि 1927 मध्ये मिरजेला. एकूण लांबी 202 मैल, सुमारे 325 किलोमीटर. पंढरपूर जोडले गेल्यावर आषाढी-कार्तिकीला जी गर्दी लोटायची, तिचा हिशेब कोणत्याच आराखड्यात मावणारा नव्हता. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरलेला वारकरी पडशी सांभाळत समोरच्या छोट्या गाडीत शिरायचा. आत जागा नसेल तर जिथे पाय टेकेल तिथे उभा राहायचा. अंतरे वाढली तशी ‘ए’ वर्गाची पाच इंजिने अपुरी पडू लागली. पुढच्या ‘बी’ वर्गात मागच्या बोगीला जोड म्हणून पुढेही बोगी आली. नंतर स्वतंत्र टेंडर ओढणारी 2-8-2 इंजिने आली आणि वाटेत पाणी उतरले तरी चालत्या चाकांवरचा भार कायम राहू लागला. आठ चालत्या चाकांचा पाया मात्र या दोन्ही पिढ्यांनी सोडला नाही.

बार्शीचा अनुभव कॅलथ्रॉप पुन्हा इंग्लंडला घेऊन गेले. स्टॅफर्डशायरमधली लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली ही छोटी रेल्वे 1904 मध्ये सुरू झाली. तिची रुंदीही अडीच फूट, अभियंता तेच, आणि तिची दोन्ही 2-6-4 टँक इंजिने किटसननेच बांधलेली. त्यातल्या एकाला ‘ई. आर. कॅलथ्रॉप’ असे नाव दिले होते. हिरव्या डोंगरातल्या त्या गाडीच्या कपाळावर हिंदुस्थानी धाटणीचा भलामोठा दिवा असे. मोठ्या रुळाची वाघीण मालासकट पाठीवर घेणारी खास वाहने तिथे होती. माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत भरण्याची दगदग त्यामुळे वाचत असे. ती रेल्वे 1934 मध्ये बंद पडली आणि इंजिने मोडीत निघाली. कॅलथ्रॉप त्याआधीच, 1927 मध्ये, म्हणजे मिरजेचा टप्पा सुरू झाला त्याच वर्षी वारले. उतारवयात त्यांनी वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले होते आणि घोड्यांवर एक पुस्तकही लिहिले होते.

बार्शी लाइट 1954 मध्ये सरकारने विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. पुढे मोठा रूळ टाकण्याचे काम तुकड्यातुकड्याने झाले: आधी कुर्डुवाडी-पंढरपूर, मग लातूरची बाजू, शेवटी पंढरपूर-मिरज. लातूरच्या बाजूला जुनी वाट थोडी बदलली. छोटी गाडी येडशीवरून निघून जायची आणि जिल्ह्याचे गाव असलेले उस्मानाबाद, आजचे धाराशिव, बाजूलाच राहायचे. मोठ्या रुळाची वाट मात्र तिकडे वळवून घेतली, आणि धाराशिवला पहिल्यांदा रेल्वे मिळाली.