टकळीभोंवतीं शाळा

शनिशिंगणापूर हें अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासें तालुक्यांतील गांव, घरांना कवाडें न लावण्याच्या परंपरेमुळें सर्वश्रुत आहे. शाळेंत मात्र विषयाविषयांमध्यें कवाडें असतात. घंटा वाजली कीं गणित मिटतें व भूगोल उघडतो. हीं कवाडें काढण्याचा एक मोठा प्रयत्न वर्ध्यास झाला.

दिनांक २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं तेथें राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, मातृभाषेचें माध्यम आणि उत्पादक हस्तव्यवसायाभोंवतीं सर्व शिक्षणाची गुंफण, असे ठराव झाले. शिक्षकांचें वेतन मुलांच्या श्रमांतून हळूहळू निघावें, हीही अपेक्षा होती, तिजवर प्रा. के. टी. शहा यांनीं परिषदेंतच हरकत घेतली, आणि ती गैरवाजवी म्हणतां येत नाहीं. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याच वर्षीं २ डिसेंबरला अहवाल दिला. विषय परस्परांशीं जोडण्याच्या या रीतीस पुढें ‘समवाय’ हें नांव रूढ झालें.

या रीतीचें परिचित उदाहरण टकळीचें. चार फूट सुताची एक तार, १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी. आपण कातलेलें सूत किती, हें मुलाला काढावयाचें असतें, म्हणून गुणाकार लागतो. तार वारंवार कां तुटते असें त्यानें विचारलें कीं हवेंतील ओलाव्याची गोष्ट निघते. कापूस वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत कां पिकतो, हा भूगोल. आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीमुळें त्याच कापसाचे भाव कसे भडकले, हा इतिहास. मुलाच्या हातीं मात्र एकच पेळू!

समितीच्या वेळापत्रकांत शाळेच्या साडेपांच तासांपैकीं ३ तास २० मिनिटें हस्तव्यवसायास होतीं. मातृभाषेस ४० मिनिटें, आणि गणित, संगीत व चित्रकला यांस मिळून ४०. हे आंकडे पाहून कोणीही पालक दचकेल. परंतु व्यवसायाचा वेळ हाच इतर विषयांचाही वेळ, असा त्यामागील भाव होता. शिवाय समितीनें समवायाचीं केंद्रें तीन मानलीं होतीं : व्यवसाय, निसर्ग आणि समाज. जो धडा टकळींतून सहज निघत नाहीं, तो ओढूनताणून काढण्याचें कारणच नव्हतें.

व्यवहारांत नेमकें हेंच विसरलें गेलें. शिक्षकाची तयारी तोकडी, परीक्षा विषयवार. मग टकळी हा आणखी एक तास झाला, आणि ओढूनताणून केलेला समवाय थट्टेचा विषय बनला. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगानें ‘कार्यानुभव’ पुढें आणला व मूलोद्योगी शाळांचें वेगळेपण ओसरलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें विषयांच्या एकात्मतेचा पुन्हा पुरस्कार केला आहे. पांचवी ते सातवीच्या चार शिक्षकांनीं एकत्र बसून एक पाठ आंखावयाचा, तर त्यास तास कोठून काढावा, हें तथापि शाळेनेंच ठरवावयाचें आहे.

साधन दूर शोधावें लागत नाहीं. खुद्द नेवाशास १९५४ नंतरच्या उत्खननांत डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांचे सहकारी यांना ताम्रपाषाणयुगीन बालकाच्या दफनांत तांब्याचे मणी ओवलेल्या धाग्याचे अवशेष मिळाले. टकळीचा इतिहास तेथूनही आरंभितां येतो.

शिंगणापुरांत तर खुद्द शनीच आहे. त्याची सूर्याभोंवतीं एक फेरी सुमारें साडेएकोणतीस वर्षांची, राशि बारा, म्हणजे एका राशींत सरासरी दोन वर्षें साडेपांच महिने. तीन राशींची साडेसाती म्हणतात, ती या हिशेबानें सात वर्षें साडेचार महिने भरते. उरलेल्या दीड महिन्याचें काय झालें, हें मुलांना विचारावें. गणिताच्या तासाला सुरू झालेला प्रश्न आकाशाकडे पाहिल्याखेरीज सुटत नाहीं.