ड्रॅगन नव्हते, तरी गादीसाठी घर फुटलं. ताराराणी विरुद्ध शाहू महाराज हा वाद नेमका होता काय?

'हाऊस ऑफ द ड्रॅगन' पाहिली असेल तर टार्गेरियन घराण्यातलं भांडण तुम्हाला माहीत असेलच. राजा व्हिसेरिस आपल्या मुलीला, रेनिराला वारस नेमतो. मोठमोठे सरदार तिच्या नावानं शपथ घेतात. राजा गेल्यावर मात्र राणी ॲलिसेंटचा मुलगा एगॉन गादीवर बसतो. मग सरदार दोन्हीकडं वाटले जातात, ड्रॅगन ड्रॅगनवर सोडले जातात आणि घराणं स्वतःलाच जाळत सुटतं.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ही गोष्ट काल्पनिक आहे. पण गादीचा खरा वारस कोण, या प्रश्नावरून घर फुटण्याचा प्रकार महाराष्ट्रात खरोखर घडलाय. १७०७ ते १७३१ अशी जवळपास २४ वर्षं हा वाद चालला. त्यातून सातारा आणि कोल्हापूर अशा छत्रपतींच्या दोन गाद्या झाल्या. आणि या वादातली एक महत्त्वाची लढाई झाली ती आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात.

आधी नावांचा गोंधळ मिटवू

या विषयावरच्या पोस्टखाली कमेंटमध्ये हमखास गल्लत होते, म्हणून आधी माणसं ओळखून घेऊ.

शाहू महाराज (सातारा) – छत्रपती संभाजी महाराज आणि येसूबाई यांचे पुत्र, म्हणजे शिवरायांचे नातू. जन्म १६८२ चा. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) वेगळे. गंमत म्हणजे राजर्षी ज्या गादीवर बसले, ती या वादात साताऱ्याच्या विरोधातली गादी होती.

महाराणी ताराबाई – सरसेनापती हंबीरराव मोहिते यांची कन्या, छत्रपती राजाराम महाराजांची पत्नी, म्हणजे शाहूंची चुलती. त्यांच्या मुलाचं नाव शिवाजी.

राजसबाई – राजाराम महाराजांची दुसरी पत्नी. त्यांच्या मुलाचं नाव संभाजी. हे कोल्हापूरचे संभाजी. शाहूंच्या वडिलांचं नावही संभाजीच, त्यामुळं इथं भलेभले अडखळतात.

वादाचं मूळ कुठं आहे?

मार्च १६८९ मध्ये औरंगजेबानं छत्रपती संभाजी महाराजांची हत्या केली. शाहू तेव्हा अवघे सहा वर्षांचे होते. मुघल फौज रायगडावर चालून आलेली, अशा वेळी राज्य लहान मुलाच्या नावानं चालवणं कठीण होतं. त्यामुळं संभाजी महाराजांचे धाकटे भाऊ राजाराम यांना गादीवर बसवण्यात आलं. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई व शाहू मुघलांच्या कैदेत गेले.

राजाराम महाराजांनी दूर तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यावरून राज्य टिकवलं. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचं निधन झालं. तेव्हा ताराराणी पंचविशीत होत्या. त्यांनी आपल्या लहान मुलाला, शिवाजीला गादीवर बसवलं आणि कारभार हातात घेतला. पुढची सात वर्षं त्यांनी औरंगजेबाशी लढा दिला. बादशहा एकेक किल्ला घ्यायचा आणि तो पुढं सरकला की मराठे किल्ला परत घ्यायचे. मराठ्यांच्या फौजा तर नर्मदा ओलांडून माळव्यात जायला लागल्या होत्या.

३ मार्च १७०७ रोजी आजच्या अहिल्यानगरजवळ औरंगजेब मरण पावला. त्याला खुलताबादला दफन केलं. आमच्या छावणीतून दौलताबादच्या रस्त्यानं निघालं की पुढं हेच खुलताबाद लागतं.

एक कैदी सुटला आणि सगळं बदललं

औरंगजेबाच्या मुलांमध्येही लगेच तख्तासाठी लढाई जुंपली. शहजादा आझम सैन्य घेऊन उत्तरेकडं निघाला. शाहू त्याच्याच छावणीत होते. मे १७०७ मध्ये भोपाळजवळच्या दोराह्याला आझमनं त्यांना सोडून दिलं. येसूबाई आणि इतर नातेवाईक मात्र ओलीस म्हणून मागं राहिले.

हिशोब सरळ होता. शाहू परतले की मराठ्यांमध्ये दुफळी माजेल आणि मुघलांना दक्षिणेत उसंत मिळेल. आझम पुढच्याच महिन्यात जाजऊच्या लढाईत मारला गेला, पण त्याची ही चाल वाया गेली नाही.

सातव्या वर्षी पकडलेला मुलगा २५ व्या वर्षी परत येत होता. खानदेशात येताच परसोजी भोसले, नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर असे सरदार त्यांना मिळत गेले. ताराराणींसमोर प्रश्न उभा राहिला, की आता करायचं काय?

दोन्ही बाजूंचं म्हणणं काय होतं?

शाहूंचं म्हणणं साधं होतं. मी थोरल्या शाखेचा वारस. मी कैदेत होतो म्हणून काकांनी आणि नंतर काकूंनी राज्य सांभाळलं. आता मी आलोय, तर गादी माझी.

ताराराणींच्या बाजूनं दोन मुद्दे होते. पहिला, संभाजी महाराजांच्या काळातलं राज्य मुघलांनी जिंकून घेतलं होतं. आज जे उभं आहे ते राजाराम महाराजांनी आणि त्यांच्या मागं आम्ही लढून मिळवलंय, त्यामुळं त्यावर त्यांच्याच मुलाचा हक्क. दुसरा मुद्दा जास्त धारदार होता. हा माणूस शाहू नाहीच, मुघलांनी पाठवलेला तोतया आहे!

आज हे ऐकायला विचित्र वाटेल. पण तेव्हा ना फोटो होता ना ओळखपत्र. लहानपणी गेलेल्या मुलाचा चेहरा कोण ओळखणार? ताराराणींनी सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून निष्ठेच्या शपथा घेतल्या आणि सेनापती धनाजी जाधव यांना शाहूंवर पाठवलं.

खेडची लढाई: तलवारीआधी निकाल लागला

धनाजींच्या हाताखाली बाळाजी विश्वनाथ भट नावाचे एक कारभारी होते. शाहू खरे की खोटे याची खातरजमा करण्याचं काम त्यांच्यावर आलं. शाहू खरेच आहेत असं त्यांनी धनाजींना पटवून दिलं. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेच्या काठी खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला, दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. धनाजी शाहूंच्या बाजूला गेले. ताराराणींचे परशुरामपंत प्रतिनिधी एकटे पडले आणि त्यांना साताऱ्याकडं माघार घ्यावी लागली. लवकरच साताराही शाहूंच्या हाती आला आणि १२ जानेवारी १७०८ ला तिथं त्यांचा राज्याभिषेक झाला.

मालिकेतल्या ड्रॅगनची जागा इथं सरदारांच्या फौजांनी घेतली होती. प्रत्येक मोठ्या सरदाराकडं स्वतःचं घोडदळ आणि स्वतःचा मुलूख होता. ज्याच्या बाजूला फौज जास्त, त्याचा हक्क खरा, असा मामला होता. आणि शपथ घेतली म्हणून फौज हलणार नाही याची कुणालाच खात्री नव्हती.

ही अनिश्चितता शाहूंनाही भोवली. १७११ मध्ये धनाजींचाच मुलगा चंद्रसेन बाळाजी विश्वनाथांशी भांडून ताराराणींकडं गेला आणि पुढं थेट निजामाला मिळाला. कोकणात कान्होजी आंग्रे ताराराणींच्या बाजूनं होते. त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केलं. त्यानंतर नोव्हेंबर १७१३ मध्ये शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवा केलं आणि त्यांनी लढाईऐवजी बोलणी करून कान्होजींना शाहूंकडं वळवलं.

कोल्हापुरात घरातच सत्तापालट

ताराराणींनी पन्हाळ्याला आपली वेगळी गादी उभी केली होती. पण १७१४ मध्ये तिथं नवा डाव झाला. राजसबाईंनी ताराराणी आणि त्यांचा मुलगा शिवाजी यांना कैदेत टाकलं आणि आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवलं. म्हणजे फुटलेल्या घराची एक बाजू आतून आणखी फुटली.

इकडं बाळाजी विश्वनाथ १७१९ मध्ये दिल्लीहून दोन मोठ्या गोष्टी घेऊन परतले. एक, दख्खनच्या सहा सुभ्यांमधून चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याच्या सनदा. दुसरी, येसूबाईंची सुटका. १६८९ मध्ये कैद झालेल्या येसूबाई तब्बल ३० वर्षांनी परत आल्या. या सगळ्या भांडणात सर्वात मोठी किंमत मोजूनही त्यांचं नाव सर्वात कमी घेतलं जातं.

आपल्या संभाजीनगरचा संबंध काय?

तेव्हा औरंगाबाद हे दख्खनचं मोठं सत्ताकेंद्र होतं आणि निजामउल्मुल्क इथूनच कारभार पाहायचा. त्यानं भाऊबंदकीचा बरोबर फायदा उचलला. गादीवर साताऱ्याचे शाहूही हक्क सांगतात आणि कोल्हापूरचे संभाजीही, मग चौथाई द्यायची कुणाला? आधी खरा मालक ठरवा, असं म्हणत त्यानं वसुली अडवली आणि कोल्हापूरच्या संभाजींना आपल्या बाजूला घेतलं.

शाहूंचे तरुण पेशवे बाजीराव यांनी याला रणात उत्तर दिलं. निजामाला आपल्या मागं पळायला लावून त्यांनी फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळच्या पालखेडला त्याला घेरलं. अन्न-पाणी तोडलं. मागं राहिलेला तोफखाना निजामाच्या कामी आला नाही. ६ मार्च १७२८ ला पैठणजवळच्या मुंगी-शेवगावला तह झाला. निजामानं शाहूंचा हक्क मान्य केला आणि कोल्हापूरची बाजू सोडली.

यानंतर कोल्हापूरकडं बळ उरलं नाही. १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. वारणा नदी ही हद्द ठरली, दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडं गेला आणि भोसले घराण्याच्या दोन गाद्या अधिकृत झाल्या.

पण ताराराणींची गोष्ट इथं संपत नाही

लढाईत शाहूंच्या हाती लागलेल्या ताराराणी साताऱ्याला राहू लागल्या. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू वारले. त्यांना मुलगा नव्हता. तेव्हा ताराराणींनी सांगितलं, की माझा एक नातू लपवून ठेवलेला आहे. हाच रामराजा गादीवर बसला. पण पेशवे नानासाहेबांना दूर करायला रामराजा तयार होईना, तेव्हा नोव्हेंबर १७५० मध्ये ताराराणींनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं. पुढं १७५२ मध्ये जेजुरीला शपथेवर सांगून टाकलं, की हा माझा नातू नाहीच.

म्हणजे १७०७ मध्ये पुतण्याला तोतया म्हणत सुरू झालेलं राजकारण ४५ वर्षांनी नातवाला तोतया म्हणण्यापर्यंत आलं. डिसेंबर १७६१ मध्ये, पानिपतच्या वर्षीच, ताराराणींचं निधन झालं.

मग जिंकलं कोण?

कागदावर शाहू जिंकले. पण या वादात सरदारांना आपल्याकडं ठेवण्यासाठी त्यांना मुलूख आणि अधिकार द्यावे लागले. वाद मिटवणारे पेशवे दर पिढीला मोठे होत गेले. १७५० नंतर सातारच्या छत्रपतींकडं मान राहिला, कारभार पुण्याला गेला. मार्टिनच्या कथेत युद्धानंतर फारसे ड्रॅगन उरत नाहीत. इथं फौजा उरल्या, वाढल्या, अटकेपर्यंत गेल्या. पण त्यांचा लगाम गादीच्या हातात राहिला नाही.

सोशल मीडियावर आजही 'टीम ताराराणी' आणि 'टीम शाहू' असे वाद रंगतात. दोन्ही बाजूंना आधार आहे. थोरल्या शाखेचा हक्क शाहूंचा होता, हे खरं. आणि १७०० ते १७०७ या काळात ताराराणी लढल्या नसत्या तर शाहूंना परत येऊन मागायला गादीच उरली नसती, हेही तितकंच खरं.

सातारचं राज्य १८४८ मध्ये इंग्रजांनी वारस नामंजूर करून खालसा केलं. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं. दोन्ही गाद्यांचे वंशज आजही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात आहेत. पुढच्या वेळी 'सातारा गादी' आणि 'कोल्हापूर गादी' असे शब्द बातमीत आले, तर ते वेगळे का, हे आता तुम्हाला माहीत आहे.