घाटातील तार आणि सर्व्हरमधील रांग

कोंडाणे लेणी राजमाची किल्ल्याच्या ज्या पायथ्याशी कोरलेली आहेत, तेथून उल्हास नदीच्या खोऱ्यापलीकडे बोरघाटाचा लोहमार्ग चढत जातो. ३७ फुटांमागे १ फूट अशा विलक्षण चढाचा हा मार्ग १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. अशा मार्गावर पुढील टप्पा मोकळा आहे की नाही, हे एका स्थानकाने दुसऱ्यास कळवल्याविना गाडी सोडणे धोक्याचे असल्याने रुळांइतकेच महत्त्व रुळांलगतच्या तारेला होते. म्हणून तार मुकी झाली की दोष शोधणे हे एक स्वतंत्र कसब ठरले.

तारयंत्रज्ञ दोषांचे तीन प्रकार मानीत. तार तुटली तर प्रवाह पुढे जातच नाही. तार जमिनीला किंवा ओल्या फांदीला टेकली तर पाठवणाऱ्याकडे प्रवाह वाढलेला दिसतो, पण पलीकडे क्षीण पोहोचतो. आणि दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर एकीचा निरोप दुसरीवर उमटतो. सह्याद्रीच्या पावसात चिनी मातीचे विद्युतरोधक भिजून प्रत्येक खांबावर थोडी गळती होई आणि तिची बेरीज निरोप बुडवण्यास पुरेशी ठरे. अशा वेळी मधल्या स्थानकावर तार सोडवून दोन्ही बाजूंचे टप्पे वेगवेगळे तपासले जात, आणि निर्दोष टप्पा वगळत दोषाच्या जागेपर्यंत पोहोचले जाई. या व्यवसायाचे खरे शहाणपण या वगळण्यातच होते.

भारतातील तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली. परंतु त्याआधीच, १९९८ मध्ये, संगणकप्रणालींनी एकमेकींना निरोप पाठवावेत यासाठी सन कंपनीने ‘जावा मेसेज सर्व्हिस’ ही संहिता प्रसिद्ध केली होती. तिच्यामुळे एका जावा ॲप्लिकेशन सर्व्हरवरील प्रणाली आपला निरोप रांगेत, म्हणजे क्यूमध्ये, ठेवू शकते आणि दुसऱ्या सर्व्हरवरील प्रणाली तो सवडीने उचलते. या निरोपव्यवस्थेतील सर्वांत फसवा दोष मात्र तारेच्या तिन्ही प्रकारांत बसत नाही, कारण त्यात वाट शाबूत असते आणि पत्ताच चुकीचा असतो. जेबॉस हा जावा ॲप्लिकेशन सर्व्हर किंवा त्याचा वारस वाइल्डफ्लाय यांच्यात दुसरा सर्व्हर आधी पहिल्याच्या नामसूचीतून, म्हणजे नावावरून घटक शोधून देणाऱ्या यादीतून, ‘कनेक्शन फॅक्टरी’, म्हणजे जोडणी उभारून देणारा घटक, मागवतो, आणि ती यशस्वीपणे मिळाल्यामुळे जोडणी झाली असा समज होतो. वास्तविक त्या फॅक्टरीबरोबर ‘कनेक्टर’, म्हणजे पुढे कोणत्या यंत्राशी बोलायचे याची नोंद, आलेली असते. तिच्यात १२७.०.०.१, म्हणजे ‘हेच यंत्र’ असा पत्ता, लिहिले असेल, तर दुसरा सर्व्हर स्वतःच्याच दारावर थाप मारतो. मूळ सर्व्हर ०.०.०.० म्हणजे ‘सर्व पत्ते’ या मांडणीवर बांधलेला असेल, तर नोंदीत त्या यंत्राचे खासगी नाव जाते, आणि पलीकडच्या यंत्राला ते ठाऊक असेलच असे नाही. म्हणूनच केवळ नामसूचीची चाचणी घेऊन थांबणे हा गंभीर प्रमाद होय; नोंदीतील नाव दुसऱ्या यंत्रावरूनच उलगडून पाहिले पाहिजे.

पोर्ट, म्हणजे यंत्राच्या पत्त्यावरील क्रमांकित दार, हेही तपासावे लागते. जेबॉस ७ मध्ये निरोपांसाठी ५४४५ होते, तर वाइल्डफ्लायमध्ये ८०८० वापरले जाऊ लागले. त्यामुळे जुनी मांडणी तशीच उतरवून घेतली की बंद दाराशी खोळंबा होतो. वापरकर्त्याला रांगेचा अधिकार दिलेला नसेल तर मात्र नकार स्पष्ट शब्दांत येतो, आणि तो दोष त्या मानाने सोपा असतो.