दोषसिद्धीची नोंद

न्यायालयात गुन्हा शाबीत झाल्यावर पोलीस आणि न्यायालयाच्या दप्तरी राहणारी नोंद. सज्ञान माणसाची ही नोंद अमुक वर्षांनी आपोआप पुसावी, असे सांगणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. अपिलात निर्दोष सुटका झाली तर गोष्ट वेगळी. इंग्लंडमध्ये १९७४च्या कायद्याने बऱ्याचशा शिक्षा ठरावीक काळानंतर निकालात निघतात. आपल्याकडे मुदत आहे ती शिक्षेमुळे येणाऱ्या बंदीला, आणि तीही ज्या-त्या कायद्याची निराळी.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या जयसिंगपूरलगतचे उदगाव घ्या. सहा महिने किंवा त्याहून जास्त कैद झालेल्याला तिथल्या ग्रामपंचायतीत सुटकेनंतर पाच वर्षे सदस्य होता येत नाही. दारूबंदी कायद्याखाली दोषी ठरल्यास नुसता दंड झाला तरी पाच वर्षे, आणि ती दोषी ठरल्यापासून मोजायची. राज्य सरकार ही मुदत कमी करू शकते. त्याच गावकऱ्याला आमदारकी लढवायची असेल आणि शिक्षा दोन वर्षांची वा जास्त असेल, तर सुटून आल्यावर आणखी सहा वर्षे थांबावे लागते. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात तेवढीच शिक्षा लागली असेल तर पासपोर्ट नाकारताना अर्जाआधीची पाच वर्षे पाहतात. माणूस एकच, हिशेब तीन.

खरी अडचण नोकरीच्या वेळी होते. चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यासाठी अर्ज केला की स्थानिक पोलीस ठाण्यातले रेकॉर्ड पाहिले जाते. जयसिंगपुरात हा विषय उसाशी जोडलेला आहे. विक्रमसिंह मैदानावर स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते, दराचे आंदोलन पेटते, आणि रास्ता रोकोत सापडलेल्या पोरांवर केसेस पडतात. केस पडणे म्हणजे शिक्षा लागणे नव्हे, पण अर्जातला रकाना बहुतेकदा दोन्ही विचारतो. खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाला न्यायालयाची संमती लागते. अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने तरुणपणी घोषणा दिल्यासारख्या किरकोळ गुन्ह्याची माहिती दडवली असली तरी मालक ते माफ करू शकतो, असे म्हटले. ते मालकावर सोपवले, हे मात्र उमेदवाराने विसरू नये.

शिक्षेशिवाय डाग लागणे इथे नवे नाही. जयसिंगपूर १९१७ साली वसवणाऱ्या शाहू महाराजांनी पुढच्याच वर्षी कोल्हापूर संस्थानातली महार, मांग, रामोशी, बेरड यांची सक्तीची हजेरी बंद केली. या लोकांना गुन्हा शाबीत झालेला नसतानाही केवळ जातीमुळे हजेरी द्यावी लागे. ब्रिटिशांचा १८७१पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा रद्द व्हायला मात्र १९५२ उजाडले.

आजच्या कायद्यात दोन पळवाटा आहेत, दोन्ही रीतसर. १९५८च्या परिविक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. दोषसिद्धी स्वतः मात्र कायम राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली बक्षी राम प्रकरणात स्पष्ट केले. दुसरी अल्पवयीनांसाठी. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार अपिलाची किंवा ठरवून दिलेली वाजवी मुदत उलटली की त्यांच्या दोषसिद्धीचे कागद नष्ट करायचे असतात. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा खटला सज्ञानाप्रमाणे चालून तो दोषी ठरला, तर कागद राहतात.

बोटांचे ठसे, छायाचित्रे यांचा हिशेब आणखी लांबचा. ऑगस्ट २०२२पासून लागू झालेल्या कायद्यानुसार राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने ती ७५ वर्षे जपायची आहेत. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस सगळी अपिले संपून निर्दोष सुटला, तर ती नष्ट करावी लागतात, न्यायालयाने कारण नोंदवून वेगळा हुकूम दिला नसेल तरच.