निलंबूरची सागलागवड : वनव्यवस्थेतील एक प्रयोग

मलबारच्या सागवनांचा इतिहास मुंबईच्या गोदीशी निगडित आहे. १८१७ साली मुंबईत बांधून झालेली ‘त्रिंकोमाली’ ही ब्रिटिश युद्धनौका मलबारी सागाचीच होती. इंग्लंडमधील ओक वृक्षांचा तुटवडा भासू लागल्यामुळे नौदलाची दृष्टी या वनांकडे वळली होती. साग अखंड मिळत राहावा कसा, हा प्रश्न त्यातूनच उद्भवला.

या प्रश्नाला प्रथम जे उत्तर देण्यात आले ते सत्तेचे होते. १८०६ साली कॅप्टन वॉटसन याची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली व इमारती लाकडाची मक्तेदारी सरकारकडे आली. मलबारातील वने बहुतांशी खासगी मालकीची असल्याने जमीनमालक व व्यापारी असंतुष्ट झाले. मद्रासचा गव्हर्नर सर टॉमस मन्रो याच्या कारकिर्दीत, १८२३ साली, ही व्यवस्था रद्द झाली. पुढे मुक्त व्यापारात बेसुमार तोड झाली. तात्पर्य, मक्तेदारीने वा मुक्त व्यापाराने, कोणत्याही मार्गाने, तोडलेल्या सागाची जागा नवा साग घेऊ शकला नाही.

१८४० नंतर मलबारचा कलेक्टर एच. व्ही. कॉनोली याने निराळा मार्ग धरला. स्थानिक मालकांकडून भाडेपट्ट्याने जमिनी घेऊन त्याने निलंबूर येथे लागवड आरंभिली. परंतु सागाच्या फळाचे कवच कठीण असते व त्याची उगवण अत्यंत अनियमित असते. त्यामुळे प्रारंभीच्या पेरण्या फसल्या. तथापि प्रयोग बंद करण्यात आला नाही. पेरणीचा हंगाम व रोपांची निगा यांविषयी अनुभव येत गेला आणि १८४४ च्या सुमारास रोपे तयार करण्यात यश आले. या कामाचा प्रत्यक्ष भार चात्तू मेनन या स्थानिक अधिकाऱ्यावर होता. १८५५ साली कॉनोलीची हत्या झाली. तरीही मेननच्या देखरेखीखाली १८६२ पर्यंत लागवड अव्याहत चालू राहिली. १८४६ मधील वृक्षांचा जो भाग जतन करण्यात आला आहे, तो मात्र कॉनोलीच्या नावानेच ओळखला जातो.

साग पक्व होण्यास सुमारे ६० वर्षे लागतात. म्हणजेच लागवड करणाऱ्यांपैकी कोणासही तिचे उत्पन्न पाहावयास मिळण्याचा संभव नव्हता. अशा क्षेत्रात नव्या प्रयोगास उत्तेजन देणे याचा अर्थ केवळ पैसा पुरविणे एवढाच होत नाही. आरंभीचे अपयश सोसणे, जाणकार माणसास दीर्घकाळ कामावर राहू देणे आणि फळ पुढील पिढीचे मानणे, या तिन्ही गोष्टी तेथे आवश्यक ठरतात. निलंबूर येथे त्या एकत्र आल्या.

मात्र या यशाचे मूल्यही ध्यानी घेतले पाहिजे. सागाच्या सलग लागवडीसाठी विविध जातींच्या वृक्षांनी भरलेले नैसर्गिक अरण्य साफ करावे लागते. लाकडाचे उत्पन्न हाच वनाचा हेतू मानला की त्या अरण्यावर उपजीविका करणाऱ्यांची गरज हिशेबाबाहेर राहते. ‘त्रिंकोमाली’च्या काळी प्रश्न विचारला तो नौदलाने, म्हणून उत्तरही त्यालाच सोयीचे मिळाले. वनातील कोणत्याही नव्या उपक्रमाचे परीक्षण करताना तो कोणाच्या गरजेतून जन्मला, हे प्रथम पाहावे लागते.